पहिल्या बाकावरची शांत मुलगी

माझ्या मुलीला जन्मापासून नीट ऐकू येत नाही. दोन्ही कानांत मशीन घातलं की थोडं ऐकू येतं, बाकीचं ती समोरच्याच्या ओठांवरून ओळखते. पनवेलमधल्या आमच्या इमारतीसमोरच्या शाळेने तिला प्रवेश दिला, तेव्हा मी पेढे वाटले होते.

बाई चांगल्या होत्या, पण वर्ग भरगच्च. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची त्यांची सवय. पाठ फिरली की माझ्या लेकीचा धडा तिथेच थांबायचा. मग शेजारी बसणारी मैत्रीण तिच्याकडे वळून, आवाज न करता, बाईंचं वाक्य पुन्हा बोलून दाखवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिसरी-चौथी दोघींनी अशीच काढली.

पाचवीच्या सहामाहीनंतर त्या मैत्रिणीची आई घरी आली. बाजारात मासळी विकायची ती. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"ताई, राग नका धरू. माजी पोर सगला वेल तुमच्या पोरीला सांगन्यात घालवते. तिचा सोताचा अभ्यास मागं पडलाय. बाई पन वरडतात, वर्गात बोलते म्हनून. आमी दोघं शिकलेलो नाय, घरी कोन घेनार तिचा अभ्यास?"

तिचं म्हणणं खरं होतं. जाताना तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा बाक बदलला. मी मुख्याध्यापकांना भेटले. बाईंनी वर्गाकडे तोंड करून बोलावं, आठवड्यातून एकदा तरी विशेष शिक्षिका यावी, एवढंच मागितलं.

ते म्हणाले, "मॅडम, आम्ही बसू देतोय ना तिला? बाकीच्या शाळा तेवढंही करत नाहीत."

पुढच्या पालकसभेत बाई हसून म्हणाल्या, "आता काही त्रासच नाही तिचा. अगदी शांत बसते."

घरात ही मुलगी एक मिनिट गप्प बसत नाही. रात्रीच्या जेवणाला मी तिला समोर बसवून विचारलं. ती भात चिवडत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या तासानंतर मी मशीन काढून दप्तरात ठेवते."

"का गं?"

"नुसता गोंगाट येतो. सगळे हसले की मीपण हसते. मला कळत नाही का हसले ते. आई, हसून हसून गाल दुखतात."

तिचे बाबा ताटावरून उठले. मी तिला जवळ घेतलं आणि रडले. ती मात्र रडली नाही. मलाच थोपटत राहिली.

जूनमध्ये तिला मुंबईला, कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं. रोजची ये-जा झेपणारी नव्हती, म्हणून वसतिगृहात. दाखला देताना मुख्याध्यापकांनी चहा मागवला, शुभेच्छा दिल्या. 'राहू द्या तिला, काहीतरी करू' असं ते म्हणतील, म्हणून चहा संपेपर्यंत मी वाट पाहिली.

ती तिकडे रमली आहे. हातांनी भराभर बोलते, त्यातलं निम्मं मला कळत नाही. शनिवारी येते, रविवारी संध्याकाळी जाते.

मधल्या सुट्टीतला मुलांचा गलका आमच्या गॅलरीत येतो. हल्ली मी कपडे वाळत घालायला शाळा सुटल्यावरच बाहेर जाते.