इनासकाकांचा शुक्रवार

तिसरा ग्लास भरण्याआधी इनासकाका समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचे. "मुलगी कितवीत आहे रे?" नाहीतर, "आईच्या डोळ्याचं काय झालं?" उत्तर चटकन आलं तर ग्लास भरायचा. माणूस अडखळला, छताकडे बघू लागला, की काका फडकं खांद्यावर टाकून म्हणायचे, "आठवलं की ये. बाटली कुठे पळून जात नाही."

काका वसईकडचे ख्रिस्ती, मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात बारमन. शुक्रवारी, म्हणजे बहारीनच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून ते आमच्या मराठी मंडळींच्या क्लबचा बार सांभाळायला येत. स्वतः कधी थेंब घेतला नाही. बारला लागूनच माझं भज्यांचं आणि तळलेल्या मासळीचं काउंटर होतं. मी कुडाळकडचा, सेंटरिंगच्या कामावर आलेला. हे काउंटर मला काकांनीच कमिटीला सांगून मिळवून दिलं होतं. पिणाऱ्याला चकणा लागतो, एवढ्या एका गोष्टीवर माझा शुक्रवार चालायचा, आणि शुक्रवारवर गावचं घर.

सित्र्याच्या कामगार कॅम्पातली माणसं कंपनीच्या बसने दुपारी बाराला क्लबवर उतरत. बस साडेपाचला परत निघायची. त्यांच्यात रत्नागिरीकडचा एक वेल्डर होता. एका शुक्रवारी काकांनी त्याला प्रश्न विचारला. त्याने मुलीची इयत्ता सांगितली, बाईंचं नाव सांगितलं, गणितात किती मार्क पडले तेही सांगितलं. काकांनी तिसरा भरला, मग चौथा. तो क्लबमागच्या सावलीत झोपला, बस निघून गेली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची शिफ्ट चुकली. त्याला आधी एकदा ताकीद मिळालेली होती. आठवड्याभरात व्हिसा रद्द होऊन तो घरी गेला.

"उत्तर बरोबर दिलं त्याने, दत्ता," काका मला म्हणाले. "माझाच प्रश्न चुकला."

त्यानंतर त्यांनी क्लबच्या सभेत ठराव मांडला: शुक्रवारी बार दिवसभर बंद.

सभेत एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणालं, देशात ड्राय डे आणि इथेही ड्राय डे, मग समुद्र ओलांडला कशाला? कोणी म्हणालं, दारूबंदीने कोणाची सुटली आहे? ईसा टाउनहून मुलाबाळांना घेऊन येणाऱ्या बायका मागच्या रांगेत बसल्या होत्या, आणि ठरावाच्या बाजूने त्यांचे हात आधीच अर्धे वर आले होते. ते मी पाहिलं. बार बंद म्हणजे माझं काउंटर बंद. मी उठलो आणि काकांना नको ते बोललो. ताट वाढणाऱ्यानेच ते ओढून घेतलं, असंही म्हणालो. ते चष्मा पुसत राहिले.

मग मी शांतपणे सौद्याला लागलो. म्हटलं, काका, तुमचा देवाचा वार रविवार. आपण रविवारी बंद ठेवू, तुमचा मान राहील.

"रविवारी सगळे कामावर असतात, बाबा," ते म्हणाले. "रिकाम्या बारला कुलूप घालून देवाला काय सांगू? इथे माझा देवही शुक्रवारीच भेटतो."

सभा हसली. मी सोडलं नाही. दिवसभराऐवजी रात्री आठपर्यंत बंद, मग सातपर्यंत, मग सहापर्यंत, असं मी त्यांना खाली ओढत आणलं. शेवटी बारा ते पाच यावर त्यांनी हात पुढे केला. मी तो घट्ट दाबला. अख्ख्या दिवसाचे पाच तास केले, म्हणून पोरं माझी पाठ थोपटत होती.

पहिल्याच शुक्रवारी माझ्या लक्षात आलं. बार उघडला पाचला, बस सुटणार साडेपाचला. अर्ध्या तासात माणूस एक ग्लास पितो आणि हॉर्न वाजला की पळतो. बसची वेळ मला पाठ होती, पण भाव करताना मी नुसते तास मोजत बसलो होतो.

चार महिने मी काकांशी बोललो नाही. ते मात्र दर शुक्रवारी माझ्याकडे येऊन चहा मागायचे, "गोड कमी, राग जास्त, असा दे." तोपर्यंत दुपारभर बसून राहणाऱ्या माणसांना भूक लागते हे मला कळलं होतं. मी भात आणि बांगड्याची आमटी सुरू केली. बायकामुलंही जेवायला थांबू लागली. पुढे मनामाच्या नईम भागात मी स्वतःची खानावळ काढली. लोक म्हणतात, हे काकांमुळे झालं. रांधलं मी.

ऐंशीच्या दशकात काका कायमचे वसईला निघाले. निरोपाच्या चहाला मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, पाचचा आकडा तुम्ही आधीच ठरवून आला होतात ना?

"नाही रे. मी चारपर्यंत उतरणार होतो. दोन ग्लासांनी कोणाची बस चुकत नाही. पण तूच पाचला हात दाबलास."

ते गेले तेव्हा मी वसईला माती द्यायला गेलो होतो. त्यांच्या मुलीला सांगितलं की त्या ठरावानंतर क्लबवरून सित्र्याची बस एकाचीही चुकली नाही. ते खरंच आहे. चार ते पाचचा तो एक तास मी मागायला हवा होता, हे तिला सांगितलं नाही.