दोऱ्याची बाटली

रेडिएशन घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त आणि लघवी दर सोमवारी तपासायची, हे माझ्या संशोधनाचं काम. सोलापुरात त्या उपचाराला सगळे ‘लाईट’ म्हणतात. रक्त मी काढायचे आणि सकाळची पहिली लघवी रुग्णांनी बाटलीत आणायची. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी भलतीच काटेकोर. माझा स्वभाव तसा तापटच.

माढ्याकडच्या एक मावशी होत्या. मेंढरं दिराच्या हवाली करून नवऱ्याबरोबर, म्हणजे मामांबरोबर, उपचारापुरत्या शहरात राहिलेल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. चार आठवडे लाईट झाली होती.

एका सोमवारी त्यांच्या लघवीत भरपूर साखर निघाली, रक्तात मात्र साखर बेताचीच. मला वाटलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. सगळ्या बाटल्या पुन्हा तपासल्या, पण घोळ माझा नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं लाईटीला आले तेव्हा मी मावशींना फणकाऱ्यानंच विचारलं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“माझी हाय ती,” मामा म्हणाले. “हिला लालसर व्हायला लागली. तुमी बघितली तर लाईट बंद करताल, म्हणून माझी दिली.”

मागच्या सोमवारचीही त्यांचीच होती; तेव्हा तिच्यात साखर उतरली नव्हती, म्हणून मला कळलं नव्हतं. मी चिडले. माझी सगळी मेहनत पाण्यात गेली, असं तोंडावर म्हणाले. वर हेही सांगून टाकलं, की म्हणजे मामा, साखर तुम्हाला आहे.

“असू द्या,” ते म्हणाले. “हिची लाईट बंद न्हाय ना होणार?”

मला स्वतःची लाज वाटली. मी माझे आकडे धरून बसले होते आणि या माणसाला स्वतःचा आजारही ऐकू आला नव्हता. तसंच मावशींना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जंतुसंसर्ग झालाय, गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या. लाईट थांबवायची गरज नाही. मावशी बाकावर बसून पदरात तोंड घालून रडल्या. पंधरा दिवस ते रडू त्यांनी दाबून धरलं होतं.

पुढच्या सोमवारी त्यांनी माझ्यापुढे दोन बाटल्या ठेवल्या. एकीच्या गळ्याला काळ्या लोकरीचा दोरा बांधलेला.

“दोऱ्याची ह्यांची,” मावशी म्हणाल्या. “मेंढराला करतो तशी खूण केलीया. ह्यांचीबी बघा की.”

माझ्या संशोधनात नवऱ्यांना जागा नव्हती. तरी मी दोन्ही बाटल्या घेतल्या, आणि दोऱ्याच्या बाटलीवर चिठ्ठी लावली नाही.