सोललेल्या पावट्याचा ठेचा

शिजत्या पावट्यात लसणाचा वास मिसळला की मला गिरणीच्या चाळीतली आमची खोली आठवते. लग्नाला वर्ष झालं होतं. हिवतापातून उठलेली बायको अन्नाला शिवत नव्हती आणि अशानं ती हाती लागायची नाही, असं वैद्यांनी मला बजावलं होतं. पचायला हलकं व्हावं म्हणून मी पावटे सोलून शिजवले, जिरं, आलं, लसूण वाटीनं मोजून घेतलं आणि पाट्यावर वाटायला बसलो. शेजारीण दारातून ओरडली, "अगं बया, पाट्यावर गडी! आता लुगडं बी नेसा की!" अंथरुणावरून बायको म्हणाली, "हसू द्या त्यास्नी. पर वरवंटा आपटू नका, ओढा." ठेचा आणि कडक भाकरी तिच्यापुढं ठेवली, तर म्हणाली, "तुमच्या आदी म्या कशी खाऊ?" मी उठून दार लावलं आणि तिच्याच ताटात हात घातला. तेव्हा कुठं तिनं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवून तोंडात घातला, मग दुसरा, आणि "मीठ लई झालंय" म्हणत वाटी पुसून खाल्ली. ती बरी झाली आणि आम्ही पुन्हा रीतीप्रमाणे आधी मी, मग ती, असे जेवू लागलो. आता ती नाही. आणि साऱ्या संसारात एका ताटात आम्ही जेवलो, ते तेवढं एकदाच.