ओला भूर्ज

आमच्याकडे बर्फात हिंडायला येणारा प्रत्येक माणूस आधी साइमीच्या हाताखालून जातो. तो दारातून आत आला की ती त्याच्या पायांकडे बघते, मागे वळते आणि फळीवरून बुटांची जोडी काढून त्याच्यापुढे आदळते. माप विचारत नाही. विचारलं तर लोक खोटं सांगतात, असं तिचं म्हणणं आहे. मग जाडजूड पोशाख, मोज्यांचे दोन जोड, लोकरीची टोपी, आणि शेवटी तिचा तो प्रश्न, "बोटं हलतायत का?"

हा प्रश्न तिला अकरा भाषांत विचारता येतो. त्या अकरा भाषांतलं बाकी एक अक्षर तिला येत नाही. बुटात पायाची बोटं हलत असतील तर पाय गरम राहतो. नाही हलली तर माणूस तासाभरात रडकुंडीला येतो आणि त्याची सहल आणि माझा दिवस दोन्ही वाया जातात. कारण त्याला पुढे घेऊन जाणारा मी. मी आस्लाक, कुत्रेवाला. बासष्ट कुत्री आहेत माझ्याकडे आणि त्यांच्यातलं एकही परक्या माणसाइतका त्रास देत नाही.

एकतीस हिवाळे साइमीने जोडप्यांना बूट घातले. ती जोडपी माझ्या स्लेजवर, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीवर, बसून गोठलेल्या तळ्यापलीकडे जायची आणि दुसऱ्या दिवशी लालबुंद गालांनी एकमेकांना चिकटून परत यायची. साइमी त्यांचे ओले पोशाख वाळत घालताना सगळं ऐकायची. भाषा कळत नसली तरी तिला सगळं कळायचं. स्वतः मात्र ती कधी स्लेजवर उभी राहिली नाही. मी म्हणायचो, चल एक फेरी मारून आणतो. अलीकडे ती म्हणायची, "मला घरी लाकडं आत आणायचीत." आणि तेही खरं होतं.

कारण घरी ओइवा होता. ओइवा तिचा नवरा. चाळीस वर्षं जंगलात लाकूड तोडलेला माणूस. त्याच्या हातची रचलेली थप्पी बघायला लोक थांबायचे, इतकी ती सरळ असायची. बोलण्यात मात्र महाकंजूष. दोन वर्षांपूर्वी तो स्वतःच्याच घराच्या पायरीवर बर्फावरून घसरला, गुडघा बदलावा लागला, आणि तेव्हापासून त्याने स्वयंपाकघरातली खिडकी धरली. गुडघा बरा झाला, डॉक्टर चाल म्हणाले, तरी हा खिडकीत. लाकडं साइमी आणायची. छपरावरचा बर्फही तीच ढकलायची.

त्यांची मुलगी साटू दक्षिणेला औलू शहरात असते. तिने आईवडिलांसाठी एक घर शोधलं होतं. दोन खोल्या, लिफ्ट, समोर दवाखाना. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. साटूने फोनवर विचारलं तेव्हा ओइवा एवढंच म्हणाला, "घे."

हे साइमीने मला मोजे जुळवता जुळवता सांगितलं. चाळीस मोजे जुळवले, त्यातले सहा चुकीचे. तेव्हाच मी ओळखलं.

"तुला जायचंय का?" मी विचारलं.

"मेले तरी जायचं नाही."

"मग तसं सांग ना त्याला."

"आणि तो पुन्हा पडला तर? माझ्या हौसेपायी त्याला त्या पायरीला बांधून ठेवू? घे म्हणालाय तो. ओइवा उगाच शब्द खर्च करत नाही."

"अगं, पण त्याला तरी जायचंय का?"

"तूच विचार. मला नाही धीर होत," असं म्हणून तिने सातवा मोजा चुकीचा जुळवला.

मीही विचारलं नाही. ओइवाला असलं काही विचारायचं म्हणजे गोठलेल्या कुलपात किल्ली फिरवायची.

मार्चमध्ये साइमीची नोकरी संपणार होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला निरोपाची भेट दिली ती म्हणजे आमचीच सहल. दोघांसाठी, दोन दिवसांची, कुत्र्यांची स्लेज, तळ्याकाठच्या केबिनमध्ये मुक्काम, वर काचेचं छप्पर, उशीवर चॉकलेट. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी निघायचं होतं. ओइवा येणार नाही अशी मी पैज लावली होती आणि हरलो. तो आला. तोंड वाकडं करून, पण आला.

साइमीने आधी त्याला बूट घातले, मग स्वतःला घातले आणि स्वतःलाच मोठ्याने विचारलं, "बोटं हलतायत का?" मग स्वतःच उत्तर दिलं, "हलतायत, बाई!" आणि इतकी हसली की रांगेत उभे असलेले पाहुणेही हसायला लागले. नंतर नियमाप्रमाणे अर्ज भरायचा होता. त्यात एक प्रश्न असतो, हिवाळी हवामानाचा अनुभव आहे का? अडुसष्ट वर्षं इथे काढलेल्या ओइवाने पेन घेतलं, विचार केला आणि लिहिलं, "थोडाफार."

पुढच्या स्लेजवर मी होतो आणि मागच्या स्लेजवर साइमी, मागचा दांडा धरून उभी. तिच्या पुढ्यात कातड्यांत गुंडाळलेला ओइवा. मी तिला बजावलं, "काहीही होवो, दांडा सोडायचा नाही."

"एकतीस वर्षं ऐकतेय मी हे तुझं," ती म्हणाली.

कुत्री सुटली आणि साइमी ओरडली. घाबरून नाही, आनंदाने. गावातल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. बासष्ट वर्षांची बाई शाळा सुटल्यासारखी ओरडत चालली होती आणि ओइवा पुढून म्हणत होता, "म्हातारे, समोर बघ!"

पहिल्याच वळणावर तिने दांडा सोडला. ती बर्फात पालथी पडली आणि तिची सहा कुत्री ओइवाला घेऊन मला ओलांडून तळ्यावर गेली. टपालातून पाठवलेल्या पार्सलसारखा तो गेला, अजिबात न हलता, दोन्ही हात कातड्यांत. माझ्या शेजारून जाताना त्याने मला मान लववून नमस्कारही केला. अर्धं तळं ओलांडल्यावर माझी शिट्टी ऐकून कुत्री थांबली. साइमी धापा टाकत पोहोचली, टोपीत, बाहीत, तोंडात बर्फ.

"लागलं का तुला?" तिने विचारलं.

"छान चाललं होतं," ओइवा म्हणाला. "तू नसताना जरा शांतता होती."

दोन वर्षांत त्याने केलेला हा पहिला विनोद होता. साइमीने त्याच्या तोंडावर मूठभर बर्फ फासला. मी दुसरीकडे बघितलं.

तीन वाजता मी त्यांना केबिनवर सोडलं आणि कुत्री घेऊन परतलो. सकाळी नऊला न्यायला येणार होतो. पुढचं सगळं मला साइमीकडून कळलेलं आहे, आणि तिने ते आतापर्यंत इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतो असंच मला वाटतं.

ती केबिन पूर्वी जंगलातलं उघडं खोपट होती. कुलूप नाही, मालक नाही, वाट चालणाऱ्या कुणीही यावं आणि शेकोटी पेटवावी. ओइवा तरुणपणी कितीदा तिथे झोपला होता. आमच्या कंपनीने ती घेतली, काच बसवली, मेणबत्त्या लावल्या. ओइवाने आत जाऊन सगळं बघितलं, चॉकलेट उचलून खिशात टाकलं आणि म्हणाला, "चूल होती तिथेच आहे. ठीक."

पाच वाजता दार वाजलं. बाहेर एक तरुण जोडपं, पायाला स्की, तोंडं पांढरी. दुसऱ्या कुठल्याशा हॉटेलवर उतरलेले, वाट चुकलेले. मुलीच्या पापण्यांवर बर्फ होता आणि ती रडत होती. साइमीने त्यांना आत ओढलं, बूट काढले आणि अकरांपैकी बरोबर भाषा सापडेपर्यंत विचारत राहिली, "बोटं हलतायत का?" सातव्या भाषेला मुलगा हो म्हणाला. मग सॅमन माशाचं सूप, मग कॉफी, आमच्याकडच्या रीतीने कॉफीत चीजचे तुकडे. ते दोघं या दोघांना केबिनचे राखणदार समजले असावेत.

त्यांच्या हॉटेलवाल्यांचा मला फोन आला आणि मी केबिनमधल्या वायरलेसवर साइमीला विचारलं. ती म्हणाली, "आहेत इथेच. जेवतायत. सकाळी घेऊन जा म्हणावं." मला वाटलं, चौघं कसेबसे एका खोलीत झोपतील.

पण ओइवा उठला आणि कातडी गुंडाळायला लागला.

"काय चाललंय तुझं?" साइमीने विचारलं.

"उशिरा आला त्याची जागा."

खोपटाचा तो नियमच आहे. आधी आलेला ऊब घेऊन, विसावून बसलेला असतो. मागून आलेला जास्त दमलेला असतो. म्हणून आधीच्याने उठायचं. आम्हाला हे चालायला शिकतानाच शिकवतात.

"ओइवा, आता हे खोपट नाही. कंपनीची केबिन आहे. आज आपली आहे."

"कुणाची का असेना. बाहेरची थंडी तीच आहे."

साइमीला राग आला. एकतीस वर्षं ती त्या काचेच्या छपराच्या गोष्टी ऐकत आली होती. ती बोलणारच होती, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तो टेबलाचा आधार न घेता उठला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. तिने किटली उचलली.

चाळीस पावलांवर तिरप्या छपराचा लाकडी आडोसा आहे. ओइवाने त्याच्यासमोर दोन लांब ओंडके एकावर एक ठेवून मधल्या फटीत आग लावली. असली आग सकाळपर्यंत जळते आणि आता गावात कुणाला नीट जमत नाही. दोघं कातड्यांत शिरले. खिशातलं चॉकलेट त्याने अर्धं मोडून तिला दिलं. मग त्याने विचारलं, "बोटं हलतायत का?"

हे सांगताना साइमी दरवेळी उठते आणि फळीवर काहीतरी शोधायला लागते. सगळ्या जगाच्या बोटांची चौकशी केली तिने. तिच्या बोटांची कुणी केली नव्हती.

घराचा विषय मात्र तिने काढला नाही. त्यानेही नाही.

सकाळी नऊला मी पोहोचलो तर केबिनच्या दारात अनोळखी मुलगी जांभई देत उभी, आणि आमचे पाहुणे बाहेर! माझं डोकंच फिरलं. "अरे, काच पुसली होती मी! मेणबत्त्या लावल्या होत्या! शून्याखाली वीस अंश होतं काल!"

"बरं झालं आम्ही शेकोटीपाशी होतो," ओइवा म्हणाला. तो कुऱ्हाडीने लाकूड फोडत होता. तळं नीट दिसावं म्हणून आमच्या लोकांनी परवाच एक भूर्जाचं झाड पाडलं होतं. त्याचे तुकडे करून तो आडोशाच्या मागे थप्पी रचत होता. सरळ, जुन्यासारखी. कपाळावर घाम होता आणि गुडघा त्याला आठवतही नव्हता.

पण मी चिडलेलो होतो. "डोळे गेले का तुझे? भूर्ज ओला आहे. जळणार आहे का तो?"

"आत्ता नाही. पुढच्या हिवाळ्यात जळेल."

"पुढच्या हिवाळ्यात कोण जाळणार?"

ओइवाने कुऱ्हाड टेकवली आणि मी अगदीच मठ्ठ असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "आम्ही. दुसरं कोण? केबिन नको, काचेतून ऊन डोळ्यांवर येतं. इथेच झोपू. कुत्री ही चालवेल, मी बसेन."

साइमी किटली घेऊन उभी होती. कॉफी कपात पडायची ती बर्फात पडत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"ओइवा," ती म्हणाली, "तू साटूला घे म्हणालास."

"तुझ्यासाठी म्हणालो. लाकडं आणून तुझी पाठ गेली."

"माझी पाठ ठणठणीत आहे, गाढवा!"

"मग ते आधी सांगायचं," असं म्हणून त्याने पुढचा ओंडका उभा केला.

साइमीने रिकामा कप माझ्या हातात दिला, हातमोजे काढून खिशात कोंबले आणि साटूला लावायला माझा फोन मागितला. तिथे फोन फक्त तळ्याच्या मधोमध लागतो. ती चालत गेली नाही, पळत गेली.