साडूभाऊंचे सीमोल्लंघन

शर्यतीत उतरणारे लोक जगात पुष्कळ आहेत. परंतु शर्यतीत उतरून मागच्याला आधी साईड देणारा मनुष्य मी आजवर एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. साडू या शब्दाचा अर्थ येथेच स्पष्ट केलेला बरा: दोन सख्ख्या बहिणींच्या सल्ल्याने संसार चालवणारे दोन पुरुष हे परस्परांचे साडू होत. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीला आम्ही सारेच ताई म्हणतो. तिचे हे यजमान. सरकारी कचेरीतून निवृत्त होऊन ते अन्नपूर्णा मंदिराजवळ राहतात, आणि मी पूर्वी शाळेत व्याकरण शिकवीत असल्यामुळे मला ‘मास्तर’ म्हणतात.

नियम हा त्यांचा स्वभाव आहे. रस्ता निर्मनुष्य असला तरी लाल दिव्याशी ते इतके स्वस्थ थांबत, की मागच्या रिक्षावाल्याला गाडी बंद पडल्याचा संशय यावा. स्वतःच्या फाटकातून आत वळतानाही ते इंडिकेटर देत. ‘‘कोणाला दाखवताय?’’ असे ताईने एकदा विचारले, तेव्हा ‘‘फाटकाला,’’ असे गंभीर उत्तर मिळाले होते. अशा या मनुष्याच्या हातून अपघात घडला तो केवळ सौजन्यापायी. धारहून लग्न आटोपून परतताना बेटम्याजवळ मागून एका ट्रकने हॉर्न दिला, साडूभाऊंनी डावीकडे सरून साईड दिली, आणि ती इतकी उदार दिली की गाडी थेट सोयाबीनच्या शेतात उतरली. कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण घरी येताच त्यांनी किल्ली देव्हाऱ्यात गणपतीमागे ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. गाडीवर कव्हर चढले. ताईला गाडीतून हिंडण्याची भारी हौस. ती हौसही त्याच कव्हराखाली गेली.

पुढे पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना संगणकाला जोडायचे स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची पेडले आणून दिली. त्यावर घरबसल्या बेल्जियमसारख्या परदेशांतील रस्त्यांवर मोटारशर्यती खेळता येतात, आणि समोर जगभरचे खरेखुरे स्पर्धक असतात. साडूभाऊंनी हे काम खेळ म्हणून नव्हे, तर खातेनिहाय चौकशी म्हणून हाती घेतले. मल्हारगंजातील एका कारागिराकडून जुन्या मोटारीची सीट लाकडी चौकटीवर बसवून घेतली. त्याने काम संपल्यावर, आमच्या गावच्या बोलीत ‘भैया’चा ‘भिया’ करून, भाबडेपणाने विचारले, ‘‘और भिया, पहिये किधर लगेंगे?’’ साडूभाऊ उत्तरले, ‘‘पहिये बेल्जियम में हैं.’’

घरात वादाचा विषय झाली ती वर्गणी. या खेळाला दरवर्षी वर्गणी लागते. गाड्या आणि शर्यतीचे रस्ते निराळे विकत घ्यावे लागतात. आणि वर्गणी थांबली की विकत घेतलेल्या रस्त्यावरही पाऊल टाकता येत नाही. ताईला हे कदापि पटले नाही. ‘‘सगळे फालतूमध्ये पैसे जातायत. विकत घेतलेला रस्ता, और उस पे भी भाडं?’’ साडूभाऊ शांतपणे म्हणत, ‘‘गणपतीचीही वर्गणी देतोच ना आपण? शेवटी विसर्जनच करतो.’’ त्यावर ताई म्हणे, ‘‘गणपती प्रसाद तरी देतो.’’

साडूभाऊंची शर्यत हा पाहण्याचा विषय आहे. मागून कोणी वेगाने आला की हे हळूच कडेला होतात आणि माइकमध्ये म्हणतात, ‘‘आइए भिया, निकलिए.’’ पुढे दोघे धडकले तर हे थांबून चौकशी करतात. प्रथम मला वाटले, या गतीने ते तळाशीच राहणार. परंतु त्या खेळात वेगाबरोबर सभ्यतेचेही गुण असतात: धक्का न लावता जो गाडी चालवतो, त्याचा परवाना वरच्या श्रेणीत जातो. परिणामी, क्वचितच पहिल्या दहांत आलेले आमचे साडूभाऊ श्रेणीमागून श्रेणी चढत गेले. ब्राझीलचा एक स्पर्धक त्यांना ओलांडताना न चुकता ‘‘थँक्यू, भिया’’ म्हणू लागला. ‘‘तुम्हाला जिंकावेसे वाटत नाही?’’ मी विचारले. ‘‘अपने को कौन सी ट्रेन पकडायचीय, मास्तर?’’ ते म्हणाले. मग खालच्या आवाजात: ‘‘आता मागून कोणी आला तरी गाडी शेतात उतरत नाही. इथे तरी.’’

त्या ‘इथे तरी’चा अर्थ मला दसऱ्याला सपत्नीक त्यांच्याकडे गेलो तेव्हा कळला. आपल्याकडे त्या दिवशी वाहनांची पूजा होते. साडूभाऊंनी संगणकाच्या स्टिअरिंगला झेंडूचा हार घातला, पेडलांना हळदकुंकू वाहिले, आणि अंगणातल्या खऱ्या गाडीला कव्हरावरूनच एक फूल ठेवले. ताईने ते फूल उचलले आणि माझ्यासमोर धरले. ‘‘मास्तर, वर्षाची वर्गणी भरायची वेळ आलीय. तुम्हीच फैसला करा, भरायची की नाही? हे रोज बेल्जियम ओलांडतात, और मला मल्हारगंजपर्यंतसुद्धा नेत नाहीत.’’

मी विचार करून म्हणालो, ज्या शिकवणीची परीक्षाच होत नाही तिची फी रास्त की गैररास्त, हे कोणालाच सांगता येणार नाही. आज दसरा. सीमोल्लंघन याचा अर्थ गावाची वेस ओलांडणे, आणि वेस ही अंगणाबाहेर असते.

 साडूभाऊ देव्हाऱ्यापाशी गेले आणि गणपतीला बाजूला सारून किल्ली काढली. स्टिअरिंगवरचा हार उतरवला, अंगणातले कव्हर काढले आणि तो हार खऱ्या गाडीला घातला.

ताई पुढे बसली, आम्ही नवराबायको मागे. गाडी धार रस्त्याला लागली. बेटमा जवळ आले, रस्त्याच्या कडेला सोयाबीनची शेते दिसू लागली, आणि जणू परीक्षकानेच पाठवावा तसा मागून एका ट्रकने हॉर्न दिला. ताईने दाराची मूठ घट्ट धरली. साडूभाऊंनी आरशात पाहिले, वेग कमी केला, इंडिकेटर दिला आणि डावीकडे सरले. मात्र या वेळी डांबराची मर्यादा सोडली नाही. ‘‘आइए भिया, निकलिए,’’ ते पुटपुटले. ट्रक निघून गेला. ताईची मूठ सुटली.

बेटम्याला आम्ही आपट्याची पाने घेतली, चहा प्यायलो. परतीच्या वाटेवर ताई म्हणाली, ‘‘भरा वर्गणी.’’

‘‘म्हणजे पटलं?’’ साडूभाऊंनी विचारले.

‘‘पटलं बिटलं काही नाही. पण दिवाळीनंतर मला मांडूला जायचंय. तोवर प्रॅक्टिस राहू द्या.’’

वर्गणी भरली गेली. अलीकडे ती मल्हारगंजी सीट मात्र पुष्कळदा रिकामी असते, आणि ब्राझीलमध्ये कोणीतरी भियाची वाट पाहत असेल, असे वाटून मला उगीच हुरहुर लागते. रविवारी दोघे आमच्याकडे येतात. आमच्या वयाला पुढचा रस्ता फार लांब उरलेला नाही; घाई असलेल्यांनी खुशाल पुढे निघावे. आमच्या फाटकाशी वळताना साडूभाऊंचा इंडिकेटर लुकलुकतो. मागे कोणीही नसते. कोणाला दाखवताय, असे ताई आता विचारत नाही. तिने स्वतःच खिडकीतून हात बाहेर काढून, आम्ही डावीकडे वळत आहोत, अशी खूण केलेली असते.