वस्तरा उचलणारा

किन्हवलीतला आमचा सलूनवाला हसायच्या आधी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलायचा. मी विनोदी कार्यक्रम करू लागलो तेव्हा प्रत्येक विनोद आधी त्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण फासून ऐकवायचो. वस्तरा उचलला नाही की विनोद बाद.

पुढे सख्ख्या बापाच्या तोतरेपणाची नक्कल करून मी टीव्हीवर गाजलो. गावी आलो तो सत्काराला बसावं तसा सलूनवाल्याच्या खुर्चीत बसलो आणि तीच नक्कल केली. वस्तरा गालावर फिरतच राहिला.

“टीव्हीवर बगितली नाय का?” मी विचारलं.

“बगितली ना. तवापासून तुजा बा दुकानात येत नाय रे. मीच घरी जाऊन त्याची दाढी करतो.”

मी उत्तर द्यायला गेलो आणि पहिल्याच अक्षरावर अडखळलो. त्याने वस्तरा उचलला. हसला मात्र नाही.