कूलरवाल्याचं चाडं

भीमराज कूलरवाल्याला स्वस्थ बसलेलं पाहिलेला माणूस बाभुळगावात सापडणार नाही. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत असायचा, आणि बायको तुळसाबाई वरणाची वाटी मुद्दाम लांब ठेवायची. असल्या माणसाला काम असलं तर ठीक. काम नसलं की तो घर डोक्यावर घेतो. आणि २००६ सालच्या उन्हाळ्यात, ऐन हंगामात, भीमराजला काम नव्हतं.

काम म्हणजे पत्र्याचे कूलर. अंगणात पत्रा कापायचा, वाकवायचा, रिपीट मारायचे, पंखा आणि पाण्याची मोटर बसवायची, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. पूर्वी कापूस विकून झाला की लग्नं निघायची आणि लेकीच्या आंदणात कूलर ठरलेलाच असायचा. एप्रिलभर भीमराजच्या हातोडीनं शेजाऱ्यांची दुपारची झोप उडालेली असे. पण गेली दोन-तीन वर्षं कापसानं सगळ्यांनाच जमिनीवर आणलं होतं. आंदणातला कूलर गेला, टेबलफॅन आला. लोक यायचे ते जुन्या कूलरच्या ताट्या बदलून घ्यायला. माघात तयार करून ठेवलेले सांगाडे अंगणात तसेच उभे होते, आणि त्यातल्या एकात तुळसाबाईची कोंबडी खुशाल अंड्यावर बसली होती. भीमराज दिवसातून कितीदा तरी त्या सांगाड्यांपाशी जाई, एखाद्याचा पाय उगीच ठोकून सरळ करी आणि परत येई.

घरात काम होतं ते एकट्या उर्वशीला. ही त्याची धाकटी लेक. मागच्या खोलीत तिचा कंप्युटर होता आणि त्यावर ती लग्नाचे व्हिडिओ जोडायची. तांड्यावरचा सेवादास गावोगाव शूटिंग करून कॅसेटी आणून द्यायचा, ही त्यातलं नको ते कापायची, गाणी घालायची, नवरानवरीच्या तोंडांभोवती बदामाचे आकार फिरवायची आणि सीडी करून द्यायची. हात चांगला होता पोरीचा. पण खोलीवर टिनं, आणि लोडशेडिंगच्या कृपेनं वीज यायची ती नेमकी भर दुपारी. बाहेर पंचेचाळीस, आत त्याहून वर. कंप्युटर तापायचा आणि धाडकन बंद पडायचा. त्या दिवसांत एका लग्नाचं काम अडलं होतं. दरवेळी वरमालेपाशी मशीन बसायची. नवरदेव माळ हातात धरून थिजलेला, नवरी मान खाली घालून थिजलेली, आणि मग काळा पडदा. माळ काही पडेना.

एकदा जेवताना उर्वशी म्हणाली, "बाबा, इथं मशीन लई तापते. सेवादासदादानं नागपूरच्या एका स्टुडिओत माह्यासाठी कामाची गोठ काढली. म्या जाईन म्हणतो. रविवारी त्यायले सांगाचं हाय."

यातलं पहिलं वाक्य भीमराजला ऐकू आलं. बाकीचं त्यानं ऐकलंच नाही असं नव्हे, पण धरून ठेवलं ते पहिलं. मशीन तापते! एवढंच ना? आयुष्यभर गावाला गार करणाऱ्याच्या घरात एक मशीन तापते म्हणून पोरीनं नागपूर गाठायचं? मोठा मुलगा राजदीप असाच पुण्याला गेला होता आणि आता फोनवर 'हो बाबा, बरं बाबा' यापलीकडे त्याचं बोलणं नसे. उर्वशी गेली तर या घरात राहिलं काय? दोघं म्हातारे आणि एक कोंबडी. मशीन थंड झाली की पोरगी राहील, असा साधा हिशेब त्यानं केला आणि तुळसाबाईला म्हणाला, "पाहाच तू आता."

तुळसाबाईनं उर्वशीकडे पाहिलं, उर्वशीनं ताटाकडे.

पाण्यावर कंप्युटर थंड करतात हे उर्वशीनंच कधीतरी यवतमाळच्या नेट कॅफेत वाचलं होतं आणि हौसेनं बापाला सांगितलं होतं. भीमराजनं ते आता बाहेर काढलं. घरचा फुटका तांब्याचा बंब होता, त्याच्या पत्र्याची चपटी डबी झाळून केली. ती मशीनच्या तापणाऱ्या चिपवर बसवायची. कूलरची छोटी मोटर बादलीत सोडली. ती पाणी डबीत ढकलणार, तिथून गरम झालेलं पाणी नळीनं रेडिएटरमध्ये जाणार, तिथं निवणार आणि परत बादलीत पडणार. रेडिएटर एका मोडीत निघालेल्या गाडीच्या हीटरचा, वहीएवढा. त्याला त्यानं छोट्या कूलरचा पंखा तारेनं आवळून बांधला, आणि दोन पायांवर बसून वाट पाहू लागला. पाच मिनिटंसुद्धा त्याच्यानं बसवेना. उठायचा, पाण्यात बोट घालायचा, परत बसायचा.

मशीन नेहमीपेक्षा जरा जास्त चालली. नवरदेवानं माळ हातात घेतली आणि काळा पडदा.

"धत् तुह्या!" भीमराज ओरडला. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मग त्यानं उशीच्या शिवणीतून बोटभर कापूस ओढला, त्याची वात करून रेडिएटरसमोर सगळीकडे फिरवली. पंख्याच्या पात्यासमोर वात फडफडे. मधोमध, जिथं पंख्याची मोटर, तिथं लोंबत राही. चारी कोपऱ्यांतही तशीच. पंखा गोल, रेडिएटर चौकोनी, आणि दोघं एकमेकांना चिकटलेले. अर्ध्या रेडिएटरला वारा लागतच नव्हता.

"बाबा, नेटवर लोक दोघायच्या मधी एक डबा बसवतात," उर्वशी म्हणाली. "म्हंजे पंखा जरा दूर राहते अन् हवा सारीकडून ओढते."

"डबा कायले? चाडं म्हण नं," भीमराज म्हणाला. पेरणीच्या तिफणीवर बी सोडायला लाकडी चाडं असतं, वर रुंद, खाली निमुळतं. वर कसंही टाका, खाली ठरल्या वाटेनंच उतरतं. तशीच ही वस्तू, फक्त बियाच्या जागी वारा. नाव सापडलं आणि त्याच्या हातांना कामच सापडलं. आधी जोड्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना केला. मग अंगणातल्या सांगाड्यांतल्या सर्वांत चांगल्या सांगाड्याचा पत्रा त्यानं काढला. तुळसाबाई "अजी, नवा कूलर होये नं थो!" म्हणेपर्यंत कात्री चालूही झाली होती. एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला गोल, मध्ये वीतभर उतार. चौकोनाचा गोल करणं हे सोपं काम नाही, चारी कोपऱ्यांत पत्रा रुसतो. दोनदा बिघडलं. तिसऱ्यांदा जमलं. रिपीट मारले, फटीत पुट्टी भरली. हातोडीचा आवाज ऐकून शेजारची रुक्माबाई कुंपणावरून विचारून गेली, की आली का ऑर्डर? भीमराजनं ऐटीत मान हलवली. त्या सबंध उन्हाळ्यात तो पहिल्यांदा शीळ घालत होता.

चाडं बसलं. कापसाची वात आता मध्येही फडफडली, कोपऱ्यांतही. भीमराजनं ती सगळी जोडणी उचलून खिडकीपाशी ठेवली, पंख्याचं तोंड नीट मशीनकडे केलं, आणि बटण दाबलं.

मशीन पहिल्यापेक्षा लवकर बंद पडली.

आता मात्र त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. त्यानं मोटरीला शिव्या दिल्या, बंबाच्या तांब्याला दिल्या, पुट्टीवाल्या दुकानदाराच्या घराण्याला दिल्या. बादलीचं पाणी बदललं, माठातलं ओतलं. तरी तेच. उर्वशीनं भीत भीत विचारलं, "बाबा, उलटं करून पाहू का?"

"कूलर काय भिताडाकडे तोंड करून ठेवते का कोनी?" तो उखडला. "ज्याले गरमी होते त्याच्याकडे तोंड कराव लागते. अक्कल नोको शिकवू मले."

दुसऱ्या दिवशी रविवार होता.

रविवारी दुपारी वीज आली तेव्हा भीमराज एकटाच त्या खोलीत होता. कूलर तयार झाला की तो तपासायची त्याची एक पद्धत होती. शर्टाची बटणं काढायची, कूलरसमोर मांडी घालून बसायचं आणि डोळे मिटायचे. छातीला गार लागलं की माल पास. काही सुचत नाही म्हणून की सवयीनं, त्यानं मशीन सुरू केली, पंखा लावला, शर्ट उघडला आणि चाड्यासमोर, मशीनला पाठ लावून बसला. छातीवर भाकरीच्या तव्यावरून यावा तसा वारा आला.

त्यानं डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा तोच वारा. आणि मग त्याला कळलं, आणि कळल्यावर त्याला इतकं हसू आलं की तुळसाबाई लाटणं हातात घेऊन धावत आली. अहो, कूलरची हवा ताटीच्या पाण्यानं गार होते, म्हणून ती माणसावर सोडायची. इथं पाणीच मशीनची गरमी घेऊन येत होतं, आणि हा पठ्ठ्या ती गरमी गोळा करून, चाड्यातून नेम धरून, परत मशीनच्याच तोंडावर मारत होता!

"उर्वशी!" त्यानं हाक मारली. "फिरव! तोंड खिडकीकडे फिरव! तुहा बाप बैल होये!"

दोघांनी मिळून ते फिरवलं. खिडकी उघडली. पंखा भिंतीबाहेर गरम हवा फेकू लागला आणि मशीन चालू लागली. तिघंही पडद्यासमोर उभे. नवरदेवानं माळ हातात घेतली. नवरीनं मान खाली घातली. तुळसाबाईनं श्वास रोखला. माळ गळ्यात पडली, अक्षता उडाल्या, बदाम फिरले, पंगती बसल्या, नवरी रडत रडत जीपमध्ये बसली, आणि अख्खं लग्न पार पडलं तरी मशीन चालूच होती.

भीमराजचा आनंद खोलीत मावेना. "झालं नं? सांग आता सेवादासले. मशीन थंडी झाली म्हणा. नागपूरचं काही काम नाही."

उर्वशी सीडी पुसत होती. ती पुसतच राहिली.

"बाबा, म्या हो म्हणून सांगतलं. सकायीच."

"अन् हे?" त्यानं चाड्याकडे बोट केलं.

"लई चांगलं झालं हे. खरंच सांगतो. पण म्या मशीन तापते म्हणून नाही जाऊन राह्यली. तसं म्हणलं, कारण दुसरं म्हणलं असतं तं तुमाले बुरं वाटलं असतं. मले शिकाचं हाय बाबा. इथं बदाम फिरवून फिरवून माह्यं डोस्कं फिरून राह्यलं."

"तिथं बी गरमी हाय. नागपूर काय काश्मीर होय का? तिथं बी एक बनवून देतो. खिडकीचं माप धाड."

"तिथं एसी हाय, बाबा," ती हळूच म्हणाली.

भीमराज अंगणात गेला. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तो जे करतो तेच त्यानं केलं. कात्री उचलली, ठेवली. फाटकापर्यंत गेला, परत आला. पत्रा काढून उघड्या पडलेल्या सांगाड्यावर कारण नसताना हातोडी घातली. शेवटी तुळसाबाईच बाहेर आली.

"अजी, पोट्टी काय मशीन होये का? थंडी केली का जाग्यावर राहीन?"

आठवडाभर तो उर्वशीशी कामापुरतं बोलला. तिची पेटी मात्र त्यानंच दुरुस्त केली, कडी बदलली, आणि नवी कडी लागते की नाही ते इतक्यांदा उघडून मिटून पाहिलं, की ती जायच्या आधीच तुटेल अशी धास्ती तुळसाबाईला वाटली.

निघायच्या दिवशी यवतमाळच्या बसमध्ये त्यानं पेटी चढवली, जागा धरली, खाली उतरला. तुळसाबाई पदरानं डोळे पुसत होती. उर्वशीनं खिडकीतून हात बाहेर काढला.

"येतो, बाबा."

निघणाऱ्यानं येतो म्हणायचं आणि राहणाऱ्यानं ये म्हणायचं, जा म्हणायचं नाही, ही आपली रीत. भीमराजच्या ओठांवर 'ये' आलंही होतं. त्यानं तिच्या हाताला हात लावला.

"जा, उर्वशी," तो म्हणाला. "जा."

तुळसाबाईनं दचकून त्याच्याकडे पाहिलं. आणि आपण हे रागानं म्हटलेलं नाही, एवढं पोरीला दिसावं म्हणून बस सुटेपर्यंत भीमराज त्या खिडकीखाली उभा राहिला, त्याचा गुडघासुद्धा हलला नाही.